पूल नाचवण्याबाबत

घाटकोपर,
बुधवार

आदरणीय शिवदासमामांना भाची दीप्तीचा सविनय जय भीम.

तुमची तब्येत बरी असावी असं धरून चालते, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केल्यापासून तुमच्या प्रकृतीच्या बातम्या मला आईकडून कळतात, आणि ती तुमचीच बहीण असल्यामुळे प्रत्येक बातमी फोडणी देऊन वाढते. तिच्या म्हणण्याप्रमाणे तुमचं बीपी चढलंय (माझ्यामुळे), जेवण कमी झालंय (माझ्यामुळे) आणि डावा गुडघा सुजलाय (हा गुडघा माझ्या जन्माआधीपासून सुजतो, पण सध्या दोन्ही घरांत जे काही बिघडतं ते माझ्या नावावर पडतं, काल आमचा मिक्सर जळला, तोही). इकडे आई ठीक, पप्पा ठीक, मीही ठीक म्हणायला हरकत नाही. भूक लागते, झोप लागत नाही, आणि ऑफिसात कुणी नुसतं 'रविवारी काय करतेस' असं विचारलं तरी मी बाटली भरायला उठते.

तुमचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, आणि मी पत्र लिहितेय, याचं आईला फार हसू आलं. पण अख्खी नोकरी टपाल खात्यात काढलेल्या माणसाला फोनवरचा मेसेज म्हणजे हवा, हे मला ठाऊक आहे. कागदावर आलं तरच ते आलं, असं तुम्ही आम्हा पोरांना लहानपणापासून सांगत आलात. शिवाय अबोल्यात बोलायला बंदी असते, वाचायला नसते. याची मी आईकडून खात्री करून घेतलीय. ती म्हणाली, आपल्या आजोबांचा त्यांच्या थोरल्या भावाशी अबोला होता, तो चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं चालला. तर हे पत्र आकाशच्या रविवारच्या वरातीबद्दल नाही, आधीच सांगते. पुलाबद्दलही नाही. नोकरीला लागून वर्ष होत आलं आणि ती कशी चाललीय हे मी तुम्हाला नीट कळवलंच नाही, तेवढं कळवावं म्हणून बसले.

तुम्हाला वाटतं मी पूल बांधते. मामा, मी अजून एकही पूल बांधलेला नाही. हे मी पहिल्याच महिन्यात सांगणार होते, पण तोवर तुम्ही एवढ्या जणांना सांगून मोकळे झाला होतात की मला तुमची लाज राखावीशी वाटली. रिक्षातून जाताना जो पूल दिसेल तो 'आमच्या दीप्तीचा'. (हायवेवरचा जो उड्डाणपूल तुम्ही व्याह्यांना माझा म्हणून दाखवलात, तो झाला तेव्हा मी बालवाडीत डबा सांडत होते. व्याही गणिताला पक्के आहेत, त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली असणार, पण सोयरीक नवी म्हणून गप्प बसले.) खरी गोष्ट अशी की अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे, एका बाजूला खोके बनवणारे, दुसऱ्या बाजूला सिरियलचं एडिटिंग करणारे, आणि मधे आम्ही. कॉलेजात असताना वाटायचं, आपण समुद्रावर पूल टाकू. पहिले काही महिने मी पुलावरचं पाणी वाहून जायचे पाईप कागदावर काढले. मग बढती होऊन कठडे. कठड्याच्या दोन गजांमधून लहान मुलाचं डोकं जाता कामा नये असा नियम आहे, म्हणून मी शेजारच्या बाळाच्या डोक्याला टेप लावून पाहिली, तर त्याची आजी हातातली कामं टाकून धावत आली आणि म्हणाली, पोराचं डोकं मोजतात होय गं, त्याची वाढ खुंटेल. तेव्हापासून ते बाळ मला बघितलं की रडतं. आजीनं शिकवलंय.

आमच्या वरिष्ठ म्हणजे जयंती मॅडम. मुलुंडच्या, बुटक्या, डब्यात रोज थालीपीठ, आणि पुलाच्या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय करणार नाहीत अशा. त्या म्हणतात, नवीन पूल कुणीही बांधतो, जुना पूल कधी बंद करायचा हे सांगायला इंजिनीअर लागतो. म्हणून मला जुन्या पुलांच्या तपासणीवर घातलं. काम सोपं: पुलाखाली घुसायचं, हातोडीनं ठोकायचं, आवाज ऐकायचा, फोटो काढायचे, लिहायचं. टण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर वाईट. (मडकं घेताना आपल्या द्रौपदीमामी असंच करायच्या. मला त्यासाठी डिग्री घ्यावी लागली.)

गोरेगावचं प्रकरण तुम्हाला कळलंय, पण ते आकाशकडून, म्हणजे मीठमसाला लावून. तुमचा मुलगा लग्नाला आला तरी त्याला एक गोष्ट सरळ सांगता येत नाही. झालं ते असं. गोरेगाव पूर्वेला एका फिल्म स्टुडिओच्या मागे ओढ्यावरचा जुना पूल तपासायचा होता आणि एकटीनं जायची माझी पहिलीच वेळ. वॉचमननं माझं हेल्मेट आणि हातोडी बघितली आणि काही न विचारता आत सोडलं (मुंबईत डोक्यावर हेल्मेट असलं की माणूस कुठंही जाऊ शकतो). समोर दगडी कमानीचा झकास पूल, शेवाळलेला, फटीतून पिंपळ उगवलेला, माझ्या कागदावर 'जुना पूल' असंच लिहिलेलं. ठोकलं, भद्द. जरा पुढे ठोकलं, भद्द. मी हादरलेच. एवढा पोकळ पूल, आणि वर माणसं दिवे लावतायत. मी जीव खाऊन ओरडले की सगळे खाली उतरा, पूल जातोय, आणि खात्री करावी म्हणून आणखी एक जोरात हाणला, तर हातोडी मुठीपर्यंत आत गेली आणि आतून प्लायवूड निघालं. मामा, तो सेट होता. दुपारी त्यावरून हिरो घोडा नेणार होता. खरा पूल भिंतीपलीकडे, सिमेंटचा, बुटका, कुरूप आणि ठणठणीत. सेटवाल्यांनी मला काय काय ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. जयंती मॅडम मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ओरडलीस ते बरोबर, फक्त पत्ता चुकला.

पण तुम्ही बस्त्याच्या दिवशी साड्यांच्या दुकानात, व्याह्यांसमोर, दुकानदारासमोर, 'जिला खरा पूल आणि नाटकातला पूल कळत नाही तिनं आम्हाला शिकवू नये' असं म्हणालात. ते मला लागलं. लिहून ठेवते, म्हणजे कागदावर राहील.

तर गोरेगावनंतर, बस्त्याच्या आधी, ऑफिसात पुढची यादी आली आणि तीत आपला नाल्यावरचा पूल. घराजवळचा आहे, तूच जा, असं मॅडम म्हणाल्या आणि मीही खूश झाले, दुपारी घरी जेवायला मिळणार म्हणून. जाण्याआधी त्यांनी विचारलं, या पुलाचा वापर कसा होतो? मी म्हटलं, नाल्याच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे दुसरी, शाळा तिकडे, बाजार इकडे, येजा चालूच. आणि मग न विचारता तुमच्या लग्नाची गोष्ट सांगितली. तुम्हाला ती मी काय सांगणार, पण मॅडमना जशी सांगितली तशी लिहिते, काही चुकलं असेल तर बघा. पूल नवा कोरा होता. तुमचं लग्न पलीकडे लागलं आणि वरात पुलावरून इकडे येत होती. मधोमध आल्यावर पोरांनी उड्या मारायला सुरुवात केली, पूल झोपाळ्यागत हलायला लागला, बँडवाले वाजवायचं सोडून पळाले, आणि ज्यांनी तोवर मान वर करून तुमच्याकडे पाहिलंही नव्हतं त्या द्रौपदीमामींनी तुमचा हात घट्ट धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. तेव्हापासून आपल्याकडची प्रत्येक वरात मधोमध थांबते आणि पूल नाचवते. पूल हलला, नवरीनं हात धरला, म्हणजे संसार टिकला. (मागे एका नवरीनं घाबरून नवऱ्याऐवजी करवलीचा हात धरला. सोन्यासारखा संसार चाललाय तिचा, तरी बिचारी अजून ऐकून घेते.) मला वाटलं मॅडम हसतील. त्यांनी विचारलं, नाचणारे किती असतात आणि सगळे एकाच ठेक्यावर उडी मारतात का? म्हटलं, आता डीजे असतो. त्यांनी हातातलं थालीपीठ परत डब्यात ठेवलं. म्हणाल्या, माणसं उभी राहिली तर ते वजन असतं, एकदम उड्या मारल्या तर घाव असतो.

वरून आपला पूल देखणा आहे. दर निवडणुकीआधी निळ्या रंगाचा एक हात बसतो, त्यामुळे आता लोखंडापेक्षा रंग जाड झालाय. मी खालून गेले, गुणाजी चिकनवाल्याच्या शेडमागून, नाल्याच्या काठानं, शिडी लावून. कडेचे दोन मोठे गर्डर बरे आहेत, खोटं कशाला बोलू. पण त्या दोघांना जोडणारे आडवे बीम, ज्यांच्यावर आपण प्रत्यक्ष चालतो, ते मधोमध गेलेत. वरातीत उधळलेली फुलं, कागदाचे तुकडे, सांडलेलं सरबत, सगळं तिथंच साचतं, भिजतं, खाली मुरतं, आणि नेमकं तिथंच आपण इतकी वर्षं उड्या मारत आलोय. मी हातोडी हळूच टेकवली (गोरेगावनंतर मी सगळीकडे हळूच टेकवते) आणि तिचं टोक आरपार गेलं. या वेळी आत प्लायवूड नव्हतं, काहीच नव्हतं. तेवढ्यात शाळा सुटली आणि वरून पोरं धाडधाड पळत गेली. माझ्या हेल्मेटवर गंजाचा चुरा पडत होता आणि मी शिडीवर डोळे मिटून उभी होते. एवढी भीती मला आजवर कशाची वाटलेली नाही, बारावीच्या निकालाचीसुद्धा.

रिपोर्टात लिहिलं की एकेक दोन दोन माणसं चालत गेली तर चालेल, गर्दी नको, नाचणं मुळीच नको, पूल लवकर बंद करून दुरुस्त करा. मॅडमनी सही केली आणि तिच्याखाली माझी घेतली. मग तो रिपोर्ट पालिकेत गेला तो गेलाच. सध्या एका टेबलावर आहे, तिथून दुसऱ्या टेबलावर जाईल, मग आदेश निघेल, मग पाटी लागेल, आणि यातलं काहीही रविवारच्या आत होणार नाही. मी रोज फोन करते. तिकडचा माणूस आता माझा आवाज ओळखतो आणि 'जेवलात का' म्हणून विचारतो, पुढचं काही सांगत नाही. पोलीस चौकीत गेले तर म्हणाले, लेखी आदेश आणा. म्हणजे रविवारी पूल कायद्यानं उघडा असणार, आणि त्यावर नाचू नका हे सांगायला अख्ख्या वस्तीत मी एकटी.

आणि मी ते सांगितलं कुठं, तर बस्त्याला. ही अक्कल माझी. शालूंचा ढीग पडलेला, तुम्ही रंगात येऊन व्याह्यांना समजावत होतात की आकाशच्या वरातीला पूल असा नाचवू की अख्खं घाटकोपर बघत राहील, आणि मला ऑफिसातलीच भाषा सुचली. मी म्हटलं, पूल मधे तुटेल आणि नवरा-नवरी पहिले जातील, कारण ते मधे असतात. व्याह्यांच्या हातातला फेटा सुटला. विहीणबाईंनी दुकानातच डोळ्याला पदर लावला, श्रुतिका, तुमची होणारी सून, माझ्याकडे बघतच राहिली, आणि सेल्समन म्हणाला, ताई, शुभकार्यात असं बोलू नये. बरोबर आहे, बोलू नये. पण शुभकार्य संपल्यावर बोलून काय उपयोग होता, हेही कुणीतरी मला सांगा. तुम्ही तिथंच ते नाटकातल्या पुलाचं वाक्य बोललात आणि त्यानंतर आजतागायत काही बोलला नाहीत.

मग मी ठरवलं, भांडायचं नाही, आकडे मांडायचे. पुस्तकात गर्दीचं वजन किती धरायचं ते दिलेलं असतं, पण तुम्ही म्हणाल पुस्तकवाल्यांना आपली वरात काय माहीत. म्हणून रद्दीवाल्याचा मोठा काटा उसना आणला आणि तुमच्याच दारात, बायका तांदूळ निवडायला जमल्या होत्या तिथं ठेवला. (तुम्ही तेव्हा मंडळाच्या ऑफिसात होतात.) काट्यावर कुणी पाय ठेवीना. म्हटलं निदान तोंडी सांगा, तर पंचावन्नच्या वर कुणी जाईना. आपली शकुमावशी, जी रिक्षात बसली की रिक्षावाला मला मुद्दाम दुसऱ्या टोकाला सरकायला लावतो, तिनं अठ्ठेचाळीस सांगितलं आणि वर म्हणाली, हल्ली जरा वाढलंय. त्या बायकांच्या आकड्यांवर हिशेब केला तर आपल्या पुलावरून वरात सोडाच, रणगाडा जाईल. उलट आकाशचे मित्र जिमला जाणारे, ते सगळे फुगवून सांगतात. दोन्हीकडचं खोटं एकत्र करून सरासरी काढली तर ती बरोबर पुस्तकातल्या आकड्यावर आली. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुस्तक लिहिणाऱ्यांनाही मावश्या असतीलच की. शकुमावशी मात्र तेव्हापासून माझ्या हातचा चहा घेत नाही. म्हणजे आता अबोले दोन झाले.

शेवटचा उपाय म्हणून काल दुपारी आकाशला पुलावर नेलं. रिकामा बघून. कठड्याजवळ पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हटलं, मधोमध उभा राहून एकट्यानं एक उडी मार. (एका माणसाची चालते, हे आधी तपासलं होतं. तो तुमचा एकुलता एक आहे हे मलाही कळतं.) 'वेडी झालीस का यार' म्हणत त्यानं मारली. ग्लासातलं पाणी सांडायच्या आधीच खाली पत्र्यावर धाडकन आवाज झाला. गंजाचा हातभर पापुद्रा सुटून गुणाजीच्या शेडवर पडला होता. गुणाजी कोंबडी कापता कापता सुरा तसाच हातात घेऊन बाहेर आला, वर बघतो तर पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी तिकडची दोन पोरं मोबाईल बघत उभी. त्याला वाटलं त्यांनीच दगड मारला. तो बोंबलला, इकडची माणसं जमली, ती बघून तिकडची जमली. लग्न तोंडावर, दोन वस्त्या एकमेकांच्या सोयऱ्या होणार, आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना माणसं बाह्या वर करून उभी. वाट लागली म्हणतात ना, तशी. आणि मामा, मला मारामारीची भीती नव्हती. भीती ही की मारामारी करायला ते सगळे दोन्हीकडून पुलावर चढत होते, मधोमध भेटायला. माझी तर पाचावर धारण बसली. मी दोन्ही हात पसरून ओरडले, दगड नाही, पूल पडलाय. तेव्हा सगळे जागच्या जागी थांबले, पायाखाली बघायला लागले. पूल तर उभाच. मग एक हसला, मग सगळे हसले आणि हसत हसत उतरून गेले. भांडण मिटलं, माझी अब्रू गेली. आज सकाळी दूध आणायला गेले तर मागून पोरं ओरडत होती, 'पूल पडला, पूल पडला'.

आकाश मात्र हसला नाही. त्यानं शेडवरचा तो तुकडा काढून आणला होता. बोटांनी दाबत होता आणि त्याचा भुगा होत होता. हात झटकून म्हणाला, बाबांना तू सांग. म्हटलं, बाबा तुझे आहेत. म्हणाला, म्हणूनच तू सांग.

मामी जाऊन आता तिसरं वर्ष. रविवारी पूल हलावा असं तुम्हाला का वाटतं हे न कळण्याएवढी मी दगड नाही. शाळेतून आले की मी आमच्या घरी कमी आणि त्यांच्या ओट्यापाशी जास्त असायची, भाकरी त्यांच्या हातचीच खाल्ली. त्या आत्ता असत्या तर माझ्या बाजूनं बोलल्या असत्या असं मी म्हणणार नाही. त्या नसताना त्यांचं नाव माझ्या कामासाठी वापरलं तर मला माझीच लाज वाटेल. मला त्यांची आठवण येते, एवढंच लिहिते. ते पुलाशिवायही खरं आहे.

असो. अशी माझी नोकरी चाललीय. जयंती मॅडम म्हणतात, तू टिकशील, कारण तुला भीती वाटते. कौतुक आहे की काय आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बीपीची गोळी सकाळी घ्या, जेवल्यावर नव्हे, डॉक्टरांनी बदलून दिलीय. लोणचं खाऊ नका. आई, पप्पा दोघांचा जय भीम. शकुमावशी दिसली तर तिला सांगा की तिचे अठ्ठेचाळीस मी खरे धरलेत.

तुमची (बोला अथवा न बोला),
दीप्ती

ता. क. वरातीचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं, पण कागद उरलाय. रविवारी वरात पुलावरून आणू नका. पलीकडच्या हॉलपासून मोठ्या रस्त्यानं, सिग्नलवरून वळून आणा. लांब पडतं, तुमच्या गुडघ्यासाठी रिक्षा सांगून ठेवते. रस्त्यावर पोटभर नाचा, मीही नाचेन. हेच सांगायला पत्र लिहिलं, बाकीचं सगळं धीर यावा म्हणून.

आणखी एक. वर मी फार खात्रीनं लिहिलंय असं वाटेल, म्हणून सांगते. पूल रविवारी पडेलच असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. मॅडमही म्हणत नाहीत. कदाचित त्यावर नाचाल, हसाल आणि घरी याल. आणि तुम्ही माझं ऐकून रस्त्यानं गेलात तर तो नक्कीच पडणार नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांना तसाच निळा उभा दिसेल आणि जन्मभर लोक म्हणतील, शिवदासच्या भाचीनं उगाच वरात फिरवली. तुम्हीही म्हणाल. म्हणा. प्रत्येक लग्नात म्हणा, मी ऐकून घेईन. मी बरोबर होते हे सिद्ध करायचा मार्ग एकच आहे, आणि त्यात मधोमध आकाश आणि श्रुतिका उभे असतील.

शेवटचं. आकाशनं सांगू नको म्हणून शपथ घातलीय, ती मोडते. त्यानं डीजेवाल्याला परस्पर रस्त्यानं यायला सांगितलंय. श्रुतिकाच्या घरच्यांनाही पटलंय. ते दोघं रस्त्यानंच येणार, फक्त तुम्हाला सांगायची त्याची छाती झाली नाही. मग मी एवढी पानं का खरडली असं विचाराल. कारण आपल्या वस्तीतली माणसं नवऱ्याच्या मागे जात नाहीत, तुमच्या मागे जातात. तुम्ही रागावून हॉलमधून निघालात आणि पुलाकडे वळलात, तर सगळी वरात तुमच्या मागे वळेल. तुम्हा एकट्याला तो पूल पेलेल, तेवढं मी तुम्हाला माझ्या सहीनं लिहून देते. पण मामा, तुम्ही एकटे कधी चाललात?